अजाण फळ आणि पाकिटावरचे आकडे



बावीस अभक्ष्यांची यादी आपल्यापैकी बहुतेकींनी पाठशाळेत पाठ केलेली असते. मध, लोणी, कंदमुळं, रात्रीभोजन हे लक्षात राहतं. ‘अजाण फळ’ मात्र आपण पटकन म्हणून पुढे जातो. ज्याचं नाव-गुण ठाऊक नाही ते फळ खाऊ नये, असा त्याचा अर्थ. वंकचूलाची गोष्ट आठवते ना? चोरांचा म्होरक्या, पण गुरूंकडून चार छोटे नियम घेतलेला. जंगलात भुकेने जीव कासावीस झालेला असताना साथीदारांनी छान दिसणारी फळं खाल्ली आणि ते मेले. ती किंपाक फळं होती. वंकचूलाला त्यांचं नाव माहीत नव्हतं, म्हणून नियमाप्रमाणे त्याने हात लावला नाही आणि तो वाचला.

या चातुर्मासात मला हा नियम रोज आठवला, तो माझ्या लेकीमुळे.

लेक नववीत आहे. चातुर्मास लागताना तिने स्वतःहून चार महिन्यांचा चौविहार घेतला. सासूबाईंनी कौतुकाने तिच्या हातावर साखर ठेवली. आषाढात आमच्या पुण्यात सूर्य सव्वासातच्या सुमाराला मावळतो. तिचा क्लास साडेसहाला सुटायचा, त्यामुळे घरी येऊन निवांत जेवण व्हायचं. पण दिवस लहान होत जातो. दसऱ्याला सूर्यास्त साडेसहाच्या आत आला, दिवाळीला सहाच्या जवळ. क्लासची वेळ काही बदलली नाही. मधे पाच वाजता वीस मिनिटांची सुट्टी असते. त्या वीस मिनिटांत क्लासच्या गल्लीत जे मिळेल ते तिचं रात्रीचं जेवण झालं. कधी जैन बर्गर, कधी जैन मंचुरियन, कधी कपात गरम पाणी ओतून केलेल्या नूडल्स.

“मम्मी, जैन आहे का ते विचारूनच घेते मी,” ती सांगायची, आणि ते खरं होतं. तिचा नियम एक दिवसही मोडला नाही. पण दसऱ्यानंतर तिला शाळेत चक्कर आली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, संध्याकाळचं जेवण नीट होत नसेल तर हा नियम सध्या थांबवा. यांचंही तेच मत पडलं. लेक रडायला लागली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसती माळ घेऊन बसल्या.

चातुर्मास संपायला महिना होता. एकीकडे मुलीची तब्येत, दुसरीकडे तिने मनापासून घेतलेला नियम. मी ठरवलं, आधी ती नेमकं काय खाते ते तरी बघू. तिला म्हटलं, आठवडाभर सगळ्या पाकिटांचे कागद घरी आण.

रविवारी दुपारी आम्ही दोघी भिंग घेऊन बसलो. अक्षर इतकं बारीक! पहिली गोष्ट कळली ती अशी की घटकांची यादी वजनाने उतरत्या क्रमाने असते. नूडल्स आणि पाव दोन्हींवर पहिलं नाव मैद्याचं. मग तेल, मीठ, साखर. म्हणजे आकड्यांचं सोडाच, वाढत्या वयाच्या मुलीला ज्यातून लोह मिळेल असं त्या जेवणात जवळपास काहीच नव्हतं. मीठ तर ‘सोडियम’ म्हणून लिहिलेलं असतं. मोठ्या माणसाने दिवसभरात २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे साधारण एक छोटा चमचा मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या हातातल्या एका कपावरचा आकडा ८०० च्या पुढे होता.

मग आले आयएनएस आकडे. सगळे आकडे वाईट नसतात हे आधी सांगते. ३३० म्हणजे लिंबात असतं ते सायट्रिक आम्ल, ५०० म्हणजे आपला खाण्याचा सोडा, ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक. पण ६२७ आणि ६३१ हे चव उठावदार करणारे पदार्थ. कांदा-लसूण नसलेल्या मसाल्याला ‘ती’ चव येते त्यात यांचाही हात असू शकतो. ६३१ मांस-मासळीपासूनही बनतं आणि आंबवण्याच्या प्रक्रियेनेही. ४७१ वनस्पतीच्या तेलापासूनही होतं, प्राण्यांच्या चरबीपासूनही. १२० हा लाल रंग तर किड्यांपासून काढतात. नुसत्या आकड्यावरून मूळ कळत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२१ मध्ये म्हटलं की कोड पुरेसा नाही, घटक वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला ते सांगायला हवं.

तुम्ही म्हणाल, हिरवा ठिपका असतो की! असतो, आणि या बाबतीत त्याचा आधार आहेच. पण तो ठिपका शाकाहाराचा आहे, आपल्या आहाराचा नाही. बटाट्याच्या वेफर्सवरही तोच असतो. कायद्यातल्या मांसाहाराच्या व्याख्येतून मध वगळलाय आणि लाखेच्या किड्यापासून मिळणारं शेलॅकही. त्यामुळे मध घातलेल्या बिस्किटावर किंवा ९०४ ची चकाकी दिलेल्या गोळ्यांवर हिरवा ठिपका दिसू शकतो. ‘मॉडिफाइड स्टार्च’ मक्याचा असेल, तसा बटाट्याचा किंवा टॅपिओकाचाही असेल, आणि हे दोन्ही कंदच.

रंगांचंही तसंच. १०२, ११०, १२२, १२४ हे कृत्रिम रंग आपल्याकडे ठराविक मर्यादेत चालतात. युरोपात मात्र २०१० पासून हे रंग असलेल्या पदार्थांवर, मुलांच्या चंचलतेवर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते. आणि हे झालं पाकिटाचं. गाडीवरच्या लालभडक मंचुरियनला कुठलं लेबल? २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकात गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांच्या नमुन्यांत रोडामाइन-बी सापडलं आणि सरकारने त्याच्या वापरावर बंदी घातली. तो कापड रंगवायचा रंग. कांदा-लसूण काढून ‘जैन’ केलं तरी रंगाची बाटली तीच असते.

लेक सगळं ऐकून म्हणाली, “म्हणजे मी महिनाभर अजाण फळच खात होते की!” माझ्या डोक्यात होतं ते तीच बोलली.

सासूबाई तेव्हा पहिल्यांदा बोलल्या. “आपण पिठालासुद्धा दिवस मोजून देतो. कधी दळलं ते विचारतो. हा पाव कधीचा आहे, कुणी विचारलं का?” खरंच आहे. दिगंबर परंपरेत पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस अशी ठरलेली आहे. चव बदललेलं अन्न, म्हणजे चलित रस, आपल्याला वर्ज्य. पावात बुरशी येऊ नये म्हणून २८२ घालतात, सॉस टिकावा म्हणून २११. अन्नाला त्याच्या मुदतीपलीकडे टिकवायचं हेच त्यांचं काम.

हे सगळं कळलं, तरी पाच वाजताची वीस मिनिटं तशीच होती. शेवटी आम्ही जेवणच तिथे पोचवायचं ठरवलं. यांचं दुकान मार्केट यार्डात, क्लास बिबवेवाडीत. मी साडेचारला गरम डबा भरते, दुकानातून माणूस येऊन नेतो, आणि पाचला हे स्वतः स्कूटरवर देऊन येतात. पहिल्या दिवशी कुरकुरले, मग सवय झाली. आता तर बापलेकीच्या त्या वीस मिनिटांच्या गप्पांची मला असूया वाटते!

डब्यात काय देते ते सांगते. चातुर्मासात पालेभाजी बंद, म्हणून लोहासाठी काळे चणे, बाजरी, राजगिरा आणि तीळ फिरवून वापरते. बाजरीची मऊ खिचडी तूप घालून. मूगडाळीचे पुडले आणि ओल्या नारळाची चटणी. द्विदळ होऊ नये म्हणून दही नाही. उकडलेल्या काळ्या चण्यांवर लिंबू पिळून, कारण लिंबाने लोह अंगी लागतं. त्याच कारणासाठी जेवणासोबतचा चहा बंद केला. बर्गरची हौस असेल त्या दिवशी कच्च्या केळ्याची टिक्की दोन छोट्या ज्वारीच्या भाकऱ्यांमध्ये घालून, वर टोमॅटो-खजुराची शिजवलेली चटणी. ती त्या दिवसापुरतीच करते.

कार्तिकी पौर्णिमेला तिचा नियम पूर्ण झाला. गोळ्या चालूच आहेत. परवाच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.६ आलं. बारापर्यंत पोचायचंय, त्यामुळे डॉक्टरीणबाईंची पुढची तारीख घेतलीय. त्यांनी डब्याची यादी वाचली आणि म्हणाल्या, असं खात असेल तर नियमाला माझी हरकत नाही. लेकीने महावीर जयंतीपर्यंत चौविहार वाढवलाय. डबाही तोवर वाढला, आणि स्कूटरवरची फेरीही!

तुमच्या घरातलं कुणी क्लासला, कॉलेजला, नोकरीला असेल आणि सूर्यास्ताआधी बाहेर काही खात असेल, तर ‘जैन आहे का?’ याच्यापुढे आणखी दोन प्रश्न विचारायला शिकवा: यात काय काय आहे, आणि हे कधी केलंय? उत्तर मिळालं नाही तर ते अजाण फळ समजायचं. आणि पाचचा डबा भरणं एकट्या आईच्या गळ्यात टाकू नका. भरेल ती, पण पोचवायला घरातलं दुसरं कुणीतरी हवंच.

जय जिनेंद्र!