शेवाळाचे बत्तीस दात

आमच्या सांगवीत पाऊस जावयासारखा येतो. येईलच असे नाही, आणि आलाच तर राहील असे नाही. नीरेच्या पाण्यावर ऊस उभा आहे, इतकेच. पण आमच्या न्हाणीमागच्या धुण्याच्या दगडाला बारमाही पावसाळा. त्यावरून गेल्या महिन्यात आई घसरली. मनगटावर निभावले. मी पुण्याहून खराटा घेऊन धावलो.

"मामा, थांबा!" बारावीतली भाची भिंग घेऊन आडवी आली. "दगडावरचं बुळबुळीत ते शैवल. ते खुशाल घासा. भिंतीवरची मखमल म्हणजे शेवाळी. ती वेगळी."

आम्ही आजवर दोघांनाही शेवाळच म्हणत आलो. भाचीने माझी शिकवणीच घेतली. शेवाळीला खरी मुळे नसतात, नुसते धागे. लग्नाची तऱ्हा तर औरच. नरपेशीला दोन शेपट्या. ती पोहत पोहत मादीच्या सुरईसारख्या कलशात शिरते. पाण्याचा पातळ थर नसेल तर वरात निघतच नाही.

"म्हणजे दुष्काळात लग्नं लांबवणारी आपलीच मंडळी!" मी म्हणालो.

"पुढं ऐका. त्यातून होतं ते पोर म्हणजे एक काडी नि टोकाला बोंड. ते जमिनीला पाय लावतच नाही. आईच्या डोक्यावर उभं राहतं, पाणी तिचं, बरंचसं अन्नही तिचंच. आमच्या पुस्तकातल्या फ्युनारियाच्या बोंडाला सोळा-सोळाच्या दोन ओळी, बत्तीस दात असतात! हवा कोरडी झाली की बाहेरचे दात हलतात नि बीजुकं वाऱ्यावर लांब जातात. आई तिथंच."

पोरीने सहज सांगितले. मला मात्र खराटा जड झाला. आईच्या उसाच्या पैशावर शिकलो, दात फुटल्यावर पुण्याला उडालो, आणि अजून ज्वारी इथूनच नेतो.

"आई, पुण्याला चल," मी म्हणालो.

"नि मी तिकडं आले तर तू गावाला येशील कुणाकडं?"

मी दगड घासून पांढराफेक केला. भिंतीला हात लावला नाही. निघताना आईने एका हाताने ज्वारीची पिशवी भरली. नको म्हणणार होतो. पण बत्तीस दात असून तोंड उघडले नाही.