बोरघाटाचा पहारेकरी

लोणावळ्यात तुंगार्ली धरण मागे पडलं की डांबर संपतं आणि राजमाचीची वाट सुरू होते. उधेवाडीपर्यंत जेमतेम पंधरा किलोमीटर. पावसाळा सरून महिना-दीड महिना झाला होता. पाण्याने वाट जागोजागी खणून काढली होती, चाकोऱ्या गुडघाभर खोल झाल्या होत्या आणि वळणावळणावर धोंडे उघडे पडले होते. धरणाजवळ थांबून आम्ही टायरमधली हवा ३२ वरून २२ वर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो आणि सुट्या दगडांवर घट्ट पकड घेतो. मग फोर-व्हीलचा लो गिअर टाकून जिप्सी पुढे आणि आमची थार मागे, अशा दोन गाड्या रानात शिरल्या.

अशा वाटेवर अर्धी गाडी चालवतो तो खाली उतरून वाट दाखवणारा मित्र. “डावीकडे घे… अजून थोडं… बस्स, आता सरळ सोड!” त्याच्या हाताकडे बघायचं, ब्रेकला शक्यतो हात लावायचा नाही, इंजिनाच्या जोरावरच गाडी हळू उतरवायची. वळवंडचा फाटा मागे पडला, फणसराई आली. दरीपलीकडे खंडाळ्याच्या डोंगरातून आगगाडी बोगद्यात शिरताना दिसली. तो लोहमार्ग १८६३ साली बोरघाट चढला. त्याआधी १८३० मध्ये इंग्रजांनी बोरघाटातून गाडीरस्ता काढला होता, आणि आता द्रुतगती महामार्गावरून माणसं काही मिनिटांत घाट ओलांडतात. घाट किती अवघड आहे, हे मात्र आम्हाला पहिल्या गिअरमध्येच कळत होतं. राजमाचीचा सगळा इतिहास याच अवघडपणातून घडला आहे.

कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी बोरघाटातूनही देशावर चढायचा. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी याच व्यापारी वाटांच्या आधाराने उभी राहिली. राजमाचीच्या पायथ्याला, कोकणच्या बाजूला, कोंडाण्याची लेणी आहेत. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत एका कारागिराचं नाव कोरलेलं आहे: कण्हाचा शिष्य बलुक. राजांची नावंसुद्धा पुसली जातात अशा मुलखात हाताने काम करणाऱ्या एका माणसाची सही इतकी शतकं टिकली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

उधेवाडीत गाड्या लावल्या, एका घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवली आणि गड चढायला लागलो. श्रीवर्धन आणि मनरंजन असे राजमाचीला दोन बालेकिल्ले, आणि मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ. श्रीवर्धनच्या बुरुजावर उभं राहिलं की खाली उल्हास नदीचं खोरं, समोर माथेरान, एका अंगाला ढाक, दुसऱ्या अंगाला नागफणी. घाटाने कोण चढतंय, कोण उतरतंय, सगळं नजरेच्या टप्प्यात. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी लोहगड, राजमाची ही घाटमाथ्याची ठाणी का घेतली, ते इथे कोणी समजावून सांगावं लागत नाही. बंदर हाती असलं तरी घाट परक्याच्या ताब्यात असेल तर बंदराचा उपयोग निम्माच.

पुढे गड आंग्र्यांकडे गेला, १७३० मध्ये पेशव्यांकडे आला. १७७६ मध्ये मात्र एक विलक्षण माणूस बोरघाटापाशी येऊन ठेपला. पानिपतावर पडलेला सदाशिवरावभाऊ तो मीच, असं सांगणारा तोतया. कोकणचा बराच भाग त्याने बळकावला होता. पेशव्यांच्या फौजेने त्याला घाटात अडवलं, तेव्हा त्याने तोफा उंचावर चढवल्या, फौजेला मागे रेटलं आणि राजमाची घेतली. आमच्या गाड्या चार चाकांच्या जोरावर जिथे धापा टाकत होत्या, त्याच डोंगरांत कोणीतरी दोरखंडांनी आणि खांद्यांनी तोफा ओढल्या होत्या. इतिहासात नाव तोतयाचं राहिलं, ओढणाऱ्यांचं नाही. १८१८ मध्ये गड न लढताच इंग्रजांच्या हाती गेला.

जेवताना घरातल्या आजींनी सांगितलं, “पावसात कुणी आजारी पडलं तर ही वाट लई लांब हुती बघा.” आम्ही ज्या वाटेवर हौसेने आलो, ती गावाची दवाखान्याची, शाळेची, बाजाराची वाट आहे. म्हणून या वाटेवर गाडी घालणाऱ्याने काही नेम पाळायलाच हवेत. ओल्या चिखलात चाकं गरगर फिरवून वाट उकरू नये, चाकोरी सोडून गवतात आणि शेतात गाडी घालू नये, समोरून गावची जीप आली तर आपण मागे सरावं. या घाटाने व्यापारी चढवले, फौजा चढवल्या, आगगाडी चढवली, पण त्याला रोज चालती ठेवली ती इथल्या माणसांनी. राजमाचीवर त्यांचा हक्क पहिला. आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्यासारखं वागलं तरच हा गड आपल्याला खऱ्या अर्थाने भेटतो.