एक भोक हवेसाठी!

डोंबिवलीच्या घरी गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा आला, की आई खिळा आणि हातोडी घेऊन बसायची. एका कोपऱ्यात एक भोक, समोरच्या कोपऱ्यात दुसरं. ‘एक तेलाला, एक हवेला.’ दुसरं नसेल तर तेल डचक-डचक करत येतं आणि ओटा बरबटतो. एवढ्याच ज्ञानावर मी अमेरिकेत एका विमानाची टाकी बांधली. आणि नेमकं तेच विसरलो!

सांगतो. मी मिलवॉकीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि वीकेंडला कपडे धुवायचे, असं आपलं आयुष्य. शेजारचे आजोबा मात्र (वय ७१, हयात लेथवर गेलेली) गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधत होते. खरंखुरं, उडणारं! तिकडे ते कायदेशीर आहे. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा मजेसाठी केलेलं असलं आणि तपासणी पार पडली, की ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणून परवानगी मिळते. अशा हौशी लोकांची संघटना १९५३ मध्ये याच मिलवॉकीत सुरू झाली. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणारे आपले कॅप्टन अमोल यादव आठवतात ना? त्याच कुळीतले.

एका हिवाळ्यात आजोबांनी डाव्या पंखाची टाकी माझ्या हवाली केली. टाकी म्हणजे पंखाचाच पुढचा भाग. ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडायचे आणि प्रत्येक सांधा काळ्या, चिकट सीलंटने बुजवायचा. ते माझ्या केसांना लागलं, फोनला लागलं, एकदा पोळीच्या डब्यालाही. त्यानंतर ‘गॅरेजचे कपडे गॅरेजमध्येच’ असा घरात फतवा निघाला.

खरी मजा पेट्रोल खेचणाऱ्या नळीत. पेट्रोल संपत आलं की बाबा चेतक तिरकी करायचे. उरलेले चार घोट नळीच्या तोंडाशी यावेत म्हणून! विमान तर सारखंच तिरकं होतं. म्हणून टाकीत भोकांचे आडवे पडदे असतात, पेट्रोल एकदम पलीकडे हिंदकळू नये यासाठी. नळीचं तोंड तळाजवळ ठेवायचं, पण तळाला टेकवायचं नाही. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते खाली बसतं. ते वेगळ्या तोटीतून उड्डाणाआधी काढून टाकायचं. तोंडावर जाळी हवी. आणि नळी फिरू नये म्हणून एक बोटभर पट्टी. बाहेरून नट आवळताना आतली नळी गपचूप फिरली, तर तोंड वर होतं. मग अर्धी टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी. कोलांट्या मारणाऱ्या विमानात तर वजन लावलेली लवचीक नळी असते, पेट्रोल जिकडे जाईल तिकडे ती पडते. मला ती फार आवडली, पण आजोबा म्हणाले, या वयात कोलांट्या नकोत.

त्यामानाने हवेची नळी साधी. टाकीतल्या उंच जागेपासून निघते, विमानात आधी वर चढते, मग वळून पोटाखाली बाहेर येते. वर चढवायची कारण पेट्रोल आपोआप सांडत राहू नये. बाहेरचं टोक तिरकं कापून तोंड पुढे, वाऱ्याकडे करायचं. मागे केलं तर वारा टाकीतलीच हवा ओढून घेतो.

गळती तपासायला चक्क वाढदिवसाचा फुगा! नळीला फुगा लावायचा, टाकीत जराशी हवा भरायची, सांध्यांवर साबणाचं पाणी. रात्रभर फुगा टिकला तेव्हा मी आईला फोटो पाठवला.

आजोबा मला एक गोष्ट वारंवार सांगत. गायक जॉन डेन्व्हर १९९७ मध्ये गेला तो अशाच हौशी विमानात. ते त्याने बांधलेलं नव्हतं. नकाशात टाकी बदलायचा वॉल्व्ह पायांमध्ये होता. बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे नेला. तपास अहवालात त्या जागेचाही उल्लेख आला. मी मान डोलवायचो. आपण कुठे नकाशा बदलतोय?

विमान तपासणीची वाट बघत उभं होतं. उन्हाळा आला, आणि कुंभारीण माश्या. कुठलीही बारीक नळी दिसली की मातीने लिंपून टाकतात, जाळीसकट. म्हणून मी हवेच्या नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावली. राखाडी पट्टी, राखाडी पत्र्यावर. चांगल्या हेतूने!

तीन आठवड्यांनी, पहिल्या उड्डाणाच्या आठ दिवस आधी, इंजिन जमिनीवरच चालवून बघितलं. डावी टाकी जवळजवळ भरलेली. म्हणजे वर हवा थोडी, ती लवकर विरळ झाली. पंखातून टणकन आवाज आला, पत्रा आत ओढला गेला होता. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मी झाकण उघडलं. फुस्स!

आजोबांनी खाली वाकून पट्टी काढली, काही बोलले नाहीत. त्यांनी मला पेन्सिल दिली आणि विमानाची वही पुढे केली. ‘तू लिही.’ माझ्या अक्षरात, तारखेसकट. पहिल्या उड्डाणात ते एकटेच असणार होते, आणि धावपट्टीच्या टोकाला झाडं आहेत. त्या रात्री मला झोप आली नाही.

मग मी नळीसाठी टोपी केली आणि तिला हातभर लांब लाल फीत बांधली, दिवाळीच्या फराळाच्या खोक्यावरची. उड्डाणाच्या सकाळी ती काढून खिशात घातली. टॉर्च मारून नळी पाहिली. पुन्हा पाहिली. आजोबांची बायको माझ्याजवळ उभी होती, तिने विचारलं, ‘सगळं ठीक?’ मी खिशातली फीत चाचपली, आणि तिसऱ्यांदा खाली वाकलो.