वेळासच्या पुळणीवर

रत्नागिरी जिल्ह्याच्या अगदीं उत्तर टोंकास, सावित्री नदी बाणकोटच्या खाडीवाटे समुद्रास मिळते तेथून थोड्याच अंतरावर, वेळास हें लहानसें गांव आहे. नाना फडणविसांच्या भानु घराण्याचें मूळ गांव म्हणून इतिहासप्रेमी वाचकांस तें ठाऊक असेलच. अलीकडे मात्र फाल्गुन-चैत्रांत तेथें जी मंडळी लोटते ती नानांसाठीं नव्हे, कासवांच्या पिलांसाठीं. गेल्या फाल्गुनांत आम्हीही घरांतील मुलांलेकरांसह जाऊन आलों. उतरण्याची सोय गांवकऱ्यांच्या घरींच होते. तेथील कुळिथाच्या पिठल्याविषयीं व सोलकढीविषयीं एक निराळा लेख लिहितां येईल. तूर्त कासवांकडे वळूं.

कासवाची व आपली ओळख बहुधा ग्रंथांतून होते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत स्थितप्रज्ञास कासवाची उपमा दिली आहे. आणि कासवी दूर राहून केवळ प्रेमळ दृष्टीनें पिलांचें पोषण करते, ही कल्पना आपल्या संतांस फार प्रिय होती. यांपैकीं पहिली उपमा वेळासच्या कासवास लागू पडत नाहीं. समुद्रांतील कासवास आपलें डोकें व पाय कवचांत ओढून घेतांच येत नाहींत. जन्मभर पोहावयाचें असल्यानें त्याचे पाय वल्ह्यांसारखे चपटे झाले आहेत. गीतेंतील उपमा आपलीं अंगें आवरूं शकणाऱ्या कासवाची आहे. दुसऱ्या कल्पनेचा विचार मात्र इतका झटपट आटोपत नाहीं.

येथें येणाऱ्या कासवांस ऑलिव्ह रिडले म्हणतात. थंडीच्या दिवसांत रात्रीं मादी एकटीच पुळणीवर येते, मागच्या पायांनीं सुमारें दीड फूट खोल, घड्याच्या आकाराचा खळगा उकरते व त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालते. मग वाळू लोटून, अंग डावीकडे-उजवीकडे आदळीत, आपल्याकडे चोपण्यानें अंगण चोपतात तशी ती जागा चोपून काढते. या वेळीं तिच्या डोळ्यांतून पाणी गळतें. तें प्रसूतीच्या वेदनेचें असावें असें पाहणाऱ्यास वाटतें. परंतु तें मिठाचें आहे. कासवाच्या मूत्रपिंडास समुद्राच्या पाण्यांतील सगळें मीठ बाहेर टाकतां येत नाहीं. तें काम डोळ्यांजवळच्या ग्रंथि करतात. श्मिट-नील्सन व फँगे या संशोधकांनीं १९५८ सालीं हें सिद्ध केलें. सुमारें तासाभरांत मादी समुद्रांत परत जाते, आणि या पिलांकडे पुन्हां म्हणून ढुंकून पाहत नाहीं.

तर मग पिलांस वाढवितें कोण? वाळू! वाळूची ऊब अंडीं उबविते हें सोपें आहे. नवल पुढेंच आहे. पिलूं नर व्हावें कीं मादी, हेंही ती ऊबच ठरविते. मनुष्यांत हा निर्णय गर्भधारणेच्या क्षणींच होतो. या कासवांत तो उबवणीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शांत होतो. वाळू साधारण तीस अंशांच्या बरीच वर तापली तर बहुतेक माद्या, बरीच थंड राहिली तर बहुतेक नर. असा प्रकार प्रथम कासवांत नव्हे, एका सरड्यांत आढळला: मादलेन शार्निए या विदुषींनीं आफ्रिकेंतील डाकार येथें १९६६ सालीं तो नोंदविला. पृथ्वीचें तपमान वाढत आहे त्याचा अर्थ कासवांच्या कुळांत काय होतो, हें वाचकांनींच ताडावें.

पूर्वीं या किनाऱ्यावरचीं अंडीं कोल्ह्याकुत्र्यांच्या तावडींतून सुटलीं तर माणसें उकरून नेत. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें, भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानें, गांवकऱ्यांस हाताशीं धरून येथें रक्षणाचें काम सुरू केलें. घरटें सांपडलें कीं अंडीं कांहीं तासांच्या आंत, वरची बाजू वरच ठेवून, कुंपणांतील तशाच खळग्यांत हलवितात. उशीर झाला व अंडें उलटलें तर आंतला गर्भ दगावतो. या कुंपणास हॅचरी म्हणतात. आमच्या मनांत एक गोष्ट घर करून राहिली. अंडीं हलविलीं कीं ऊन-सावलीही आपण ठरवितों, म्हणजे घरांत लेक यावी कीं लेक यावा हेंही नकळत आपणच ठरवितों. कुंपणाची जागा निवडणें किती जबाबदारीचें काम आहे!

सकाळीं सात वाजतां टोपली उचलली गेली. खालीं दोनच पिलें होतीं, आमच्या अंगठ्याएवढीं, काळपट. दोरीमागें दीडशें माणसें श्वास रोखून उभीं. पिलें थबकलीं, मग समुद्राकडे निघालीं. तीं उजळ व खुल्या क्षितिजाकडे वळतात. म्हणूनच किनाऱ्यावरचे विजेचे दिवे त्यांस घातक ठरतात. एक पिलूं लाटेनें उलटें पडलें तेव्हां आमची नात पुढें धांवली. एका गांवकऱ्यानें तिला हळूच अडविलें, "बाळा, त्याचं त्यालाच जाऊं दे."

"आजोबा, ह्यांची आई कुठं आहे हो?" तिनें विचारलें.

"समुद्रांत."

"मग ह्यांना वाट कोण दाखवणार?"

याचें उत्तर सांगावयास दुपार लागली. पाण्यांत शिरल्यावर पिलें प्रथम लाटांस तोंड देऊन पोहतात. पुढें पृथ्वीचें चुंबकत्व त्यांस दिशा दाखवितें. अमेरिकेंत केनेथ लोहमान यांनीं कासवांच्याच दुसऱ्या एका जातीच्या पिलांवर तसे प्रयोग केले आहेत. तरीही हजारांतून एखादेंच पिलूं वयांत येतें, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

वयांत आलेलीं कासवें कोठें जातात हें शोधण्यासाठीं २०२२ च्या जानेवारींत येथील एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशीं बोलणारें यंत्र बसविण्यांत आलें. तिचें नांव प्रथमा. मात्र आम्हांस अधिक नवल वाटलें तें एका साध्या बिल्ल्याचें. २०२१ सालीं ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायास ०३२३३ या क्रमांकाचा बिल्ला लावला होता. पूर्वेकडचीं व पश्चिमेकडचीं कासवें निरनिराळीं, असेंच तोंवर बहुतेकांस वाटे. २०२५ च्या जानेवारींत, आपल्याच जिल्ह्यांतील गुहागरच्या पुळणीवर रात्रीं एक मादी अंडीं घालावयास वर आली, तिच्या पायास तोच बिल्ला होता.