तारीख मिळाली

आमच्या घरात ‘तारीख मिळाली’ ही चांगली बातमी असायची. अण्णा कोर्टातून परत आले की ओट्यावर चपला काढता काढता एवढंच म्हणायचे आणि आई चहाचं आधण ठेवायची. शाळेतल्या मित्राकडे याच शब्दावर घर चिडीचूप व्हायचं. त्याच्या बापाचे पैसे कुणाकडे तरी अडकले होते. तेव्हा मला हा फरक कळायचा नाही. आता कळतो. जमीन ज्याच्या ताब्यात असते, त्याच्यासाठी तारीख म्हणजे आणखी एक हंगाम. आम्ही ताबेवाले होतो.

समोरची पार्टी म्हणजे माझी सख्खी आत्या.

निफाडच्या बाजूला आमची नऊ एकर जमीन. आजी आधीच गेलेली, आजोबा १९९६ साली गेले. मागे अण्णा, तात्या आणि आत्या. सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं ठळक चढली आणि आत्याकडे हक्कसोडपत्राचा कागद गेला. आमच्याकडे बहिणी सही करतात, भाऊ साडी घेतो आणि विषय संपतो. आत्यानं साडी घेतली नाही. सातपूरला तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली होती, घरात दोन लहान पोरं. तिनं भाऊबीजेला येऊन सरळ हिस्सा मागितला. अण्णा म्हणाले, आजोबा असतानाच तोंडी वाटणी झालीय. अशी वाटणी कधी झाली नव्हती हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. १९९९ मध्ये तिनं वाटपाचा दावा लावला. मालमत्तेच्या दाव्यात बायकांना आपल्या राज्यानं १९९४ पासून कोर्ट फी माफ केली आहे, म्हणून तिला निदान ते तरी जमलं. वकिलाची फी, नकला आणि एसटी यांना माफी नसते.

कोर्टाचं नाव सांगत नाही. जिल्ह्यातलं एक कोर्ट, एवढं पुरे.

आठ वर्षांनी, २००७ मध्ये, खालच्या कोर्टानं तिचा नववा हिस्सा धरला. हिशोब असा : आजोबा वारले त्या दिवशी कागदावर वाटणी झाली असं समजायचं, बाप आणि दोन मुलगे असे तीन भाग करायचे, आणि बापाच्या एका भागाचे तीन पोरांत पुन्हा तीन. २००५ साली कायदा बदलून मुलीला मुलासारखाच जन्मानं हक्क मिळाला होता, पण आजोबा त्याआधीच गेलेले, म्हणून तो तिला लागू नाही असं कोर्टाचं म्हणणं. नऊ एकरात एक एकर. आम्ही तेवढंही द्यायला तयार नव्हतो. आम्ही अपील केलं, स्टे मिळवला. तिनंही उलट अपील केलं.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं.

२००९ च्या उन्हाळ्यात आमचं अपील फास्ट ट्रॅक कोर्टाकडे गेलं. मी बारा वर्षांचा होतो, सुट्टीत अण्णांबरोबर जायचो. खोली लहान, पंखा एकच, आणि समोर तदर्थ जिल्हा न्यायाधीश, म्हणजे तात्पुरते नेमलेले. पण बोर्ड संपायचा. पुकारा झाला की काम व्हायचं. मुदतीचा अर्ज दिला की साहेब चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, मागच्या वेळीही हेच कारण होतं ना? पंधरा-पंधरा दिवसांच्या तारखा पडायला लागल्या. आमचे वकील अण्णांना म्हणाले, “हे कोर्ट पळतंय. आता सांभाळून.” त्या दोन वर्षांत अण्णांना रात्री झोप नसायची. रात्री दोनला बागेला पाणी द्यायला म्हणून जायचे आणि लाइट आलेली नसली तरी तिथंच बसून राहायचे. युक्तिवाद सुरू झाले. आत्याच्या वकिलाचे संपले, आमचे निम्मे झाले.

आणि मार्च २०११ आला.

ही फास्ट ट्रॅक कोर्टं अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीतून निघाली होती. देशभरात १,७३४ कोर्टं, त्यातली महाराष्ट्राला १८७, आणि पाच वर्षांसाठी ५०२ कोटी ९० लाख रुपये. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर भागून पाहा : एका कोर्टाच्या वाट्याला वर्षाला ५ लाख ८० हजारांच्या आसपास येतात. आमच्या तीन एकर द्राक्षबागेची औषधं, मजुरी, खतं, डिपिंग, पेपर लावणं, सगळं धरून वर्षाचा खर्च तेव्हा जवळपास तेवढाच असायचा. पाच वर्षं संपल्यावर मुदत वाढत वाढत गेली आणि ३१ मार्च २०११ ला केंद्रानं पैसे थांबवले. तेव्हा देशात ११९२ कोर्टं चालू होती. पुढचं ज्या त्या राज्यानं आपल्या तिजोरीकडे बघून ठरवायचं. काहींनी चालू ठेवली, काहींनी गुंडाळली. पेपरात बातमी आली असेल. आमच्या घरी तरी कुणी वाचली नाही.

आम्हाला कळलं ते असं, की साहेबांची मुदत संपली, ती खोली बंद झाली, आणि आमची फाइल लाल फडक्यात बांधून परत नेहमीच्या कोर्टाकडे गेली. तिथं आधीच ढीग. न्यायाधीश नवे, म्हणजे युक्तिवाद पहिल्यापासून. पुढची तारीख चार महिन्यांनंतरची.

अण्णांनी त्या दिवशी येताना किलोभर जिलेबी आणली. तात्यांकडेही अर्धी पाठवली. मी चौदा वर्षांचा होतो आणि भरपूर खाल्ली. कुरकुरीत होती, अजून आठवते. दिल्लीतल्या कुठल्या तरी टेबलावर एक खर्चाचं शीर्षक बंद झालं आणि त्याची जिलेबी निफाडच्या बाजूला वाटली गेली, हे मला फार उशिरा समजलं.

बजेटमध्ये कपात झाली की आपण म्हणतो, सगळ्यांचं नुकसान झालं. हे मला पटत नाही. कोर्ट अडलं की कुणाचं तरी फावतंच. भाडेकरू घर सोडत नाही त्याचं, चेक बाउन्स केलेल्याचं, पोटगी थकवलेल्या नवऱ्याचं. ते मोर्चा काढून ‘न्यायाधीश नेमू नका’ म्हणत नाहीत, त्यांना गरजच पडत नाही. विधी आयोगानं १९८७ साली सांगितलं होतं की दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये तेच पुन्हा सांगितलं, पाच वर्षांत करा म्हणून. आज आपण एकवीसच्या आसपास आहोत. महाराष्ट्राच्या खालच्या कोर्टांत पन्नास लाखांहून जास्त प्रकरणं पडून आहेत. १९७९ च्या हुसैनआरा खातून प्रकरणात न्यायालय म्हणालं होतं की पैसे नाहीत या कारणावर सरकारला वेळेत न्याय नाकारता येणार नाही. ते बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कैद्यांबद्दल होतं. वाटपाच्या दाव्यातल्या बाईबद्दल तेवढं कडक कुणी बोलत नाही. ती तुरुंगात नसते, सातपूरला भाड्याच्या खोलीत असते.

पुढची अकरा वर्षं पटकन सांगतो, कारण त्यांत काही घडलंच नाही. न्यायाधीश बदलून गेले, नवे आले. स्टेनोची जागा रिकामी, म्हणून निकालपत्रं तुंबलेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला की ९ सप्टेंबर २००५ ला बाप जिवंत असेल तरच मुलीला नवा हक्क मिळेल. आमच्या वकिलांचा फोन आला, अण्णा खूश. २०१६ मध्ये तात्या वारले आणि त्यांचे वारस रेकॉर्डवर लावण्यात वर्षाच्या वर गेलं. मी याच काळात इंजिनिअरिंग केलं. चार वर्षांची फी द्राक्षांतून गेली. कोणत्या एकरातून, असं मी कधी विचारलं नाही.

आत्याचा धाकटा, माझा आतेभाऊ, पोलीस भरतीच्या मागे होता. पहाटे पाचला नाशिकच्या मैदानांवर धावणारी जी पोरं तुम्ही बघता, त्यांतला एक. सोळाशे मीटर, गोळाफेक, मग अभ्यासिका. २०१९ ला जाहीर झालेल्या भरतीची लेखी परीक्षा झाली २०२१ मध्ये. मधे ४ मे २०२० ला राज्याच्या वित्त विभागाचा आदेश आला होता : विकासाच्या योजनांवर ३३ टक्केच खर्च करायचा आणि सार्वजनिक आरोग्य व वैद्यकीय शिक्षण सोडून नवी भरती नाही. कोरोनात तिजोरी रिकामी होती हे खरं, मी त्याला दोष देत नाही. पण खुल्या प्रवर्गात वयाची अट २८ असते आणि तो २७ चा होता. दोन-तीन मार्कांनी राहिला. आता एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. २०२३ मध्ये मुंबई पोलिसांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाकडून तीन हजार माणसं कंत्राटी घ्यायचं ठरलं, तेव्हा त्यानं मला बातमीची लिंक पाठवली. खाली फक्त लिहिलं होतं, “बघ, खाकीलापण अकरा महिने.”

११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात २०१५ चं म्हणणं फिरवलं. बाप कधीही वारलेला असो, मुलीचा हक्क जन्मापासूनचा. आणि तोंडी वाटणी झाली असं नुसतं सांगून चालणार नाही. त्याच निकालात असंही आहे की अशी पडून असलेली अपिलं शक्यतो सहा महिन्यांत संपवा. आमचं वीस महिन्यांत संपलं, हे मी टोमण्यानं म्हणत नाही. त्या ढिगाऱ्यात वीस महिने म्हणजे वेगच.

एप्रिल २०२२. आत्याचा हिस्सा तिसरा. एक एकर मागायला गेलेली बाई तीन एकरांची मालकीण झाली.

गावात म्हणतात, बघा, थांबली म्हणून जास्त मिळालं. अण्णाही एकदा म्हणाले. मी त्यांना म्हटलं, तिला १९९९ मध्ये एकर मिळालं असतं तर तेवीस हंगाम तिचे असते. तिची मोठी बारावीनंतर शिकली असती. नवऱ्याचं ऑपरेशन नाशिकमध्ये झालं असतं की नाही कोण जाणे, पण उधारीवर तरी झालं नसतं. अण्णा काही बोलले नाहीत, उठून गोठ्याकडे गेले.

महिनाभरानं आमच्या वकिलांनी सुचवलं, हायकोर्टात सेकंड अपील टाकू. चालेल की नाही माहीत नाही, पण स्टे मिळाला तर दहा वर्षं कुठं गेली नाहीत. अण्णांनी मला नाशिकला फोन केला. फीचे निम्मे तू दे, तुझ्याच नावावर जायचंय सगळं. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा, पहिल्या नोकरीत, पगार बरा. दोन दिवस मी उत्तर दिलं नाही. खोटं कशाला सांगू, मनात हिशोब केलाच : रस्त्यालगतचे तीन एकर, आजचा भाव, गुणिले. मग म्हटलं, नाही देणार. आणि तुम्हीही टाकू नका. अण्णा म्हणाले, “शिकवलं ते यासाठी का?” मी म्हटलं, “अण्णा, त्यातली फी तिचीपण होती.” सात महिने आम्ही नीट बोललो नाही. आई दोघांना वेगवेगळे फोन करायची. अपील मात्र टाकलं गेलं नाही.

मी रोज ऑफिसला जाताना सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयावरून जातो. जुनी दगडी इमारत, आणि शेजारी नवी मोठी, २०२५ मध्ये तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन झालेली. चांगली आहे, हवीच होती. पण इमारतीला पैसे एकदाच लागतात आणि कोनशिलेवर नाव येतं. स्टेनोचा पगार दर महिन्याला लागतो आणि त्याची कोनशिला नसते. केंद्रानं २०२३ मध्ये ई-कोर्टाच्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी मंजूर केले. अ‍ॅप खरंच छान चालतं, सोळा अक्षरांचा नंबर टाकला की पुढची तारीख खिशात. आत्याच्या फोनवर मीच टाकून दिलं. तारीख पडायचं थांबलं तेव्हा ती म्हणाली, “आता हे काढून टाकू का रे? जागा खातं.”

घाई केली तिनं. वाटपाच्या हुकुमानंतर जमीन प्रत्यक्ष तोडून द्यायचं काम कोर्ट करत नाही. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलला, मग भूमी अभिलेखकडे मोजणीला. तिथंही टेबलं जास्त, माणसं कमी. मोजणीची तारीख तीनदा पडली. पहिल्यांदा मोजणीदाराकडे दुसऱ्या तालुक्याचा चार्ज होता, दुसऱ्यांदा निवडणुकीची ड्युटी, तिसऱ्यांदा पाऊस.

चौथ्या तारखेला तो आला. तरुण होता, माझ्याच वयाचा, पाठीवर रोव्हरची बॅग. सकाळपासूनची ही तिसरी मोजणी म्हणाला. आत्या सातच्या एसटीनं आली होती, डोक्याला रुमाल, हातात पाण्याची बाटली. गुडघे दुखतात म्हणून तिच्यासाठी आईनं बांधावर खुर्ची ठेवली. ती बसली नाही. हद्द बरोबर बागेतून जात होती. मोजणीदारानं चुना टाकला तिथं द्राक्षाच्या दोन ओळी तिच्याकडे आणि एक लोखंडी अँगल नेमका रेषेवर.

अण्णा इतका वेळ लांब उभे होते. ते पुढे आले, अँगलला हात लावून हलवून पाहिला आणि म्हणाले, “हा पक्का आहे. तुझ्याकडे राहू दे. तार तोडली तर अख्खी ओळ बसेल.”

आत्या म्हणाली, “ड्रिपचं पाणी कुठून येतं याला?”

“विहिरीवरून. दाखवतो चल.”

दोघं चालत गेले. मोजणीदारानं माझ्याकडे पंचनाम्याच्या सह्यांसाठी पेन मागितलं. त्याचं चालत नव्हतं.