अतिरिक्त कार्यभार

माल्मोच्या एका बाकावर शेजारच्या आजोबांनी कॉफीचा कागदी पेला उंचावला आणि सहज म्हटलं, "हिनं आमचं एक सरकार पाडलंय." मंत्रालयातल्या फायलींत उमर गेलेल्या निवृत्त उपसचिवांना एवढं पुरलं. कोपनहेगनचा बेत बारगळला, ते क्रिस्टियानस्टाडच्या गाडीत बसले.

डेन्मार्कच्या चौथ्या क्रिस्टियाननं 1614 मध्ये वसवलेलं हे शहर. त्याच्या देखण्या चर्चला बाहेरूनच नमस्कार झाला. हॉटेलची खिडकी कचऱ्याच्या डब्यांवर उघडत होती आणि न्याहारी नऊलाच गुंडाळली जात होती, पण पाहुण्यांचं चित्त लुई दे येरमध्ये गुंतलेलं.

दे येर इथले प्रांतप्रमुख, म्हणजे साधारण आपले विभागीय आयुक्त. 1920 च्या निवडणुकीनंतर ब्रांटिंगचं समाजवादी सरकार गेलं आणि पक्षांचं गणित जुळेना. तेव्हा पाचव्या गुस्ताव राजानं पासष्टीतल्या या अधिकाऱ्याला पंतप्रधान केलं. अतिरिक्त कार्यभारच म्हणायचा! वडील, थोरले लुई दे येर, स्वीडनचे पहिले पंतप्रधान. दोन सभागृहांची संसद त्यांनीच घडवलेली. त्याच संसदेत मुलाचा कॉफीवरची जकात वाढवण्याचा प्रस्ताव आपटला. 27 ऑक्टोबर ते 23 फेब्रुवारी, 119 दिवस. मधल्या काळात, 26 जानेवारी 1921 ला, स्त्रियांच्या मताधिकारावर संसदेचं अंतिम शिक्कामोर्तब झालं. तारीख वाचून उपसचिव उगाच ताठ बसले.

"कॉफी निमित्त हो," तिथं भेटलेल्या इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या. "पाठीशी पक्षच नव्हता."

"मग फॉन सिडोव्हच्या पाठीशी कोणता होता?" उपसचिवांनी मुद्दा खोडला. दे येर यांच्या जागी आलेले ऑस्कर फॉन सिडोव्हही प्रांतप्रमुखच, योटेबोर्गचे. मंत्रीही बहुतेक तेच. तरी ते ऑक्टोबरपर्यंत टिकले. शिवाय ज्या देशानं 1756 पासून कॉफीवर पुन्हापुन्हा बंदी घालून पाहिली आणि 1823 ला कायमचा नाद सोडला, तिथं जकात म्हणजे किरकोळ बाब?

"सप्टेंबरात निवडणूक होती. बायका पहिल्यांदाच मतदान करणार होत्या. तोवर कुणाला घाई होती?" बाई शांतपणे म्हणाल्या.

उत्तर सुचेना. बाहेर हेल्गे नदीवर पाऊस लागला होता. आणखी एक गोष्ट बाईंनी सांगितली: दे येर यांचा तो प्रांतच आता नाही, 1997 ला तो स्कोनेमध्ये विलीन झाला. उपसचिवांना आपल्या जुन्या विभागाची पाटी आठवली, तीही बदललेली.

गाडीची वेळ टळून गेली होती. बाईंनी किटली उचलली. उपसचिवांनी कप पुढे केला.