फुकट चहाचा हिशेब

लास व्हेगास हे अमेरिकेतील नेवाडा राज्याच्या वाळवंटातले शहर. तेथे जुगार १९३१ साली कायदेशीर झाला. हे शहर मी पाहिलेले नाही आणि कधी पाहीन असेही वाटत नाही. पण गेले वर्षभर त्याच्याविषयी जे मिळेल ते वाचत आले आहे. इचलकरंजीच्या मागवाल्याच्या मुलीला हा कसला नाद, असे मैत्रिणी हसून विचारतात. कारण ओघाने येईलच.

या शहराची कीर्ती जितकी जुगाराची, तितकीच फुकटेपणाची होती. १९४०च्या दशकात तेथील एल रांचो व्हेगास या हॉटेलात एका डॉलरमध्ये पोटभर जेवण मिळे. मालक त्यात तोटा सोसत. कारण जेवायला आलेला माणूस उठताना टेबलाकडे वळणार, ही खात्री. पुढे गाडी उभी करणे फुकट, खेळताना मद्य फुकट, मोठ्या खेळाडूला खोलीसुद्धा फुकट. पाहुणचार म्हणावा तर असा!

पण या पाहुणचाराला सूत्र आहे. सरासरी डाव किती, तासाला किती डाव, किती तास बसला आणि खेळात घराचा टक्का किती, यांचा गुणाकार करायचा. समजा, एक गृहस्थ २५ डॉलरच्या डावाने तासाला ६० डाव असे चार तास खेळला. म्हणजे ६,००० डॉलर फिरले. घराचा टक्का २ धरला, तर तो सरासरीने १२० डॉलर हरणार. त्यातला काही भाग जेवण-खोलीच्या रूपाने त्यालाच परत! त्या दिवशी तो प्रत्यक्षात जिंकला की हरला, याला महत्त्व नाही. हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले होते.

अलीकडे मात्र हा हात आखडला आहे. २०१६ साली एमजीएम कंपनीने स्ट्रिपवरील आपल्या हॉटेलांत गाडी उभी करण्याचे पैसे घ्यायला सुरुवात केली. त्याच सुमारास काही बारमधील यंत्रांवर दिवे आले. पुरेसे खेळलात की दिवा लागणार, तेव्हाच पुढचा पेला फुकट. ब्लॅकजॅकच्या टेबलावर दहा डॉलरला पंधरा मिळत, तेथे अनेक ठिकाणी बारा मिळू लागले. रूलेटच्या चाकावर दोन शून्ये होती, तेथे काहींनी तिसरे बसवले. घराचा टक्का सव्वापाचावरून साडेसातच्या वर गेला! असे का? १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून स्ट्रिपवरचे निम्म्याहून अधिक उत्पन्न खोल्या, जेवण आणि करमणूक यांतून येऊ लागले होते. जे दुकानातला मुख्य माल झाले, ते वरकड म्हणून कोण वाटणार?

शिवाय सवलत अंगाशीही येते. अटलांटिक सिटीत मंदीच्या काळात डॉन जॉन्सन नावाच्या खेळाडूने अटी घातल्या. मोठा तोटा झाला तर त्यातले २० टक्के माफ, ही त्यातली मुख्य अट. गिऱ्हाइकासाठी आसुसलेल्या कॅसिनोंनी ती मानली. २०११च्या एप्रिलमध्ये ट्रॉपिकानात त्याने एका रात्रीत सुमारे ५८ लाख डॉलर जिंकले. बोर्गाटा आणि सीझर्स धरून आकडा दीड कोटीवर गेला. हिशेब काय फक्त मालकांनाच येतो?

आपल्याकडे कॅसिनो म्हणजे मांडवीतली जहाजे. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्दही झाला. पण कायदा नव्हता म्हणून जुगार थोडाच थांबला होता? आमच्याकडे मटका आहे. त्यातले ‘ओपन-क्लोज’ हे शब्द न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवरून आले, हे कळल्यावर मला गंमत वाटली. सूत विणणारा माणूस कापसाच्या भावावरच बुडावा!

आमचे आण्णा यंत्रमागावर कामाला. दिवसाला दोनशे रुपये लावत. आई रडे, भांडे. आण्णा ऐकत नसत. त्यांना आकड्यापेक्षा तो अड्डा प्रिय असावा, असे मला आता वाटते. तेथे गेले की पोऱ्या ‘बसा आण्णा’ म्हणून खुर्ची पुढे करी, न मागता चहा येई. दिवाळीला मिठाईचा पुडा घरी येई. आमच्या दाराशी कोणी मिठाई आणून देणारे तेवढेच. मग मागाचे काम आठवड्यातून चार दिवसांवर आले. दोनशेचे पन्नास झाले. एके दिवशी चहा आला नाही. मग येईनासाच झाला. दिवाळीला पुडाही नाही. आण्णांच्या मनाला ते फार लागले. आपले काय चुकले, कोणाला काय बोललो, याची ते उजळणी करत राहिले. पगार अर्धा झाल्याचे दुःख त्यांनी इतके बोलून दाखवले नव्हते.

या मे महिन्यात मी त्यांच्यापुढे वही घेऊन बसले. एक आकडी लागला तर दहाला नव्वद, आकडे दहा. म्हणजे शंभराला दहा रुपये बुकीचे. दोनशेवर रोजचे वीस. त्यातून आठ रुपयांचा चहा त्याला परवडे. पन्नासावर मिळणार पाच. तुमचे काही चुकले नाही, आण्णा. पाच रुपयांत आठ रुपयांचा चहा बसत नाही.

त्यांनी वही आपल्याकडे ओढली. सातवीपर्यंत शिकलेले बोट आकड्यांवरून हळूहळू फिरले.

“म्हंजे त्यो च्या माझाच हुता की!”

आण्णांनी जाणे सोडले का, असे आमचे सर विचारतील. नाही. आठवड्यातून दोनदा जातात. चहा मात्र घरून पिऊन जातात.